एकटा जीव सदाशिव, मुक्काम राज्यसभा

व्हीप नाही, पक्षाची बैठक नाही, हायकमांडचा फोन नाही. राज्यसभेतल्या अपक्ष खासदाराचा थाट लांबून असा दिसतो. गंमत आहे ती आत शिरायच्या दारातच. या अपक्षाला निवडून देतात आमदार, आणि आमदार असतात पक्षांचे! महाराष्ट्रात एकदम सहा जागांची निवडणूक लागली की २८८ आमदारांच्या हिशोबाने ४२ मतांचा कोटा धरतात. पक्षाशिवाय एवढी मतं कुठला सदाशिव जमवणार?

नुसता अर्ज भरायचा तरी दहा आमदार सूचक म्हणून लागतात. २०२२ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी अपक्ष लढायचं जाहीर केलं, पाठिंब्याचं गणित जुळलं नाही आणि त्यांनी माघार घेतली. राहुल बजाज यांचं मात्र जुळलं. प्रमोद महाजनांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर २००६ मध्ये ते अपक्ष म्हणून उभे राहिले, तेव्हा भाजप, शिवसेना आणि चक्क राष्ट्रवादीही त्यांच्या बाजूने आली.

खरा धुरळा उडाला होता १९९८ मध्ये. सुरेश कलमाडी आणि विजय दर्डा हे दोन अपक्ष जिंकले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले. मतदान गुप्त, त्यामुळे कुणी कुणाला फसवलं यावर चर्चा रंगल्या. २००३ मध्ये कायदाच बदलला. आता पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचीच. आणि अपक्ष आमदाराने? त्याने कुणालाच दाखवायची नाही. दाखवली तर मत बाद! पेटी एकच, नियम दोन आणि तेही एकमेकांच्या उलटे.

बरं, निवडून आला. आता वाटलं, जाऊ एखाद्या पक्षात. खबरदार! पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे निवडून आलेला अपक्ष कुठल्याही पक्षात गेला की खासदारकी गेली. राष्ट्रपतीनियुक्त सदस्यांना मात्र शपथेपासून सहा महिन्यांची सवलत आहे. ती मुदत उलटल्यावर काय होतं, हे २०२१ मध्ये दिसलं. नियुक्त सदस्य स्वपन दासगुप्ता बंगालमध्ये भाजपचे उमेदवार म्हणून उतरले, विरोधकांनी या तरतुदीवर बोट ठेवलं आणि त्यांना राज्यसभेचा राजीनामा द्यावा लागला. निवडणूक ते हरले. थोड्याच दिवसांत त्यांची पुन्हा राज्यसभेवर नियुक्ती झाली, ही पुढची गंमत.

सभागृहात मोठ्या चर्चेचा वेळ पक्षाच्या ताकदीप्रमाणे वाटला जातो. अपक्षाच्या वाट्याला येतात जेमतेम काही मिनिटं. पण शून्य प्रहरात सगळे सारखे: तीन मिनिटं झाली की माइक आपोआप बंद, मग तुम्ही सत्ताधारी असा नाहीतर अपक्ष. ‘विशेष उल्लेख’ करायचा तर मजकूर २५० शब्दांत बसवायचा. तारांकित प्रश्नांसाठी नावांची सोडत निघते, आणि सोडतीला तुमच्या पक्षाशी काही देणंघेणं नसतं. मला विचाराल तर अपक्षाची खरी कमाई इथेच. ही हत्यारं सदस्याची आहेत, पक्षाची नाहीत.

आणि शुक्रवारची दुपार. त्या वेळी खासगी सदस्यांची विधेयकं येतात, बाकं ओस पडतात, कारण खासदारांना आपापल्या गावी जायचं असतं. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आहेत. शेवटचं १९७० मध्ये. ते आणणारा कोण? अपक्ष! सभागृह मात्र खालचं. लखनौहून लोकसभेत गेलेले आनंद नारायण मुल्ला हे अलाहाबाद हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि वर नावाजलेले उर्दू शायर. खालच्या कोर्टाने सोडलेल्या माणसाला हायकोर्टाने दोषी धरून फाशी सुनावली, तर त्याला सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क आधीपासून होता. मुल्लांच्या कायद्याने तो जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षा झालेल्यांनाही मिळाला. पुढे हे मुल्ला राज्यसभेतही गेले. त्यांच्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांत एकाही खासगी विधेयकाला हा मान मिळालेला नाही.

सभागृहात जमत नसेल तर कोर्ट आहेच. कर्नाटकचे अपक्ष खासदार राजीव चंद्रशेखर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. हे तेच कलम, ज्याचा गवगवा पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेल्या अटकेनंतर झाला. २४ मार्च २०१५ रोजी कोर्टाने ते रद्द केलं. याचिका अनेकांच्या होत्या, त्यात एक या अपक्षाची.

पक्षाबाहेरच्या नियुक्त सदस्यांचे किस्से वेगळेच. ‘मालगुडी’वाले आर. के. नारायण १९८९ मध्ये बोलले ते शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल. पुढे यशपाल समिती नेमली गेली, पण दप्तरं अजून जडच आहेत. लतादीदींनी खासदारकीचं मानधन घेतलं नाही. सहा वर्षांत त्या सभागृहात फारशा दिसल्या नाहीत, पण त्यांनी एक प्रश्न विचारला होता. गाण्याबद्दल नव्हे, रेल्वेगाड्या रुळांवरून घसरतात त्याबद्दल. सचिन तेंडुलकर २१ डिसेंबर २०१७ रोजी खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला आणि गोंधळामुळे तसाच उभा राहिला. भाषण दुसऱ्या दिवशी फेसबुकवर आलं.

अपक्षाचा भाव खरा वधारलेला पाहायचा तर ऑस्ट्रेलियात जावं. तिथे सिनेटर थेट लोक निवडतात, आणि टास्मानियासारख्या छोट्या राज्यालाही मोठ्या राज्यांइतक्याच १२ जागा मिळतात. मजूर पक्षाने काढून टाकलेले ब्रायन हॅराडाइन १९७५ मध्ये तिथून अपक्ष निवडून आले आणि २००५ पर्यंत टिकले. १९९६ मध्ये टेलस्ट्रा या सरकारी टेलिफोन कंपनीचा एक तृतीयांश हिस्सा विकायला सरकारला त्यांचं मत लागलं. त्यांनी ते दिलं आणि टास्मानियासाठी पैसा पदरात पाडून घेतला. १९९९ मध्ये मात्र जीएसटीला त्यांनी नकार दिला. सरकारला दुसऱ्या पक्षाच्या दारात जाऊन वाटाघाटी कराव्या लागल्या.

आपल्याकडे अशी वेळ क्वचित येते. तरी २०२४ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती शेखरकुमार यादव यांना हटवण्याच्या प्रस्तावाची नोटीस राज्यसभेत दिली गेली, तेव्हा पुढे होते अपक्ष कपिल सिबल. अशा नोटिशीला निदान ५० सदस्यांच्या सह्या लागतात, ५५ जमल्या.

राज्यसभेच्या संकेतस्थळावर खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं सगळ्यांना मोफत वाचायला मिळतात. आपल्या राज्यातून गेलेल्यांची नावं तिथे एकदा टाकून बघाच. पक्षवाल्यांचीही.