आठवण शाबूत, माणूस पालटलेला

स्मृतिभ्रंश म्हटले की चष्मा कोठे ठेवला ते विसरणारे आजोबा आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज ज्या रोगाविषयी बोलावयाचे, त्यात आठवण पुष्कळ काळ शाबूत राहते. बिघडते ते वागणे आणि बोलणे. आणि तेही बहुधा ४५ ते ६५ या वयात, माणूस कामावर असतानाच.

मेंदूचा कपाळामागचा भाग आपल्याला आवर घालतो. कोठे काय बोलावे, केव्हा थांबावे, हे तो सांगतो. कानशिलाआडच्या भागात शब्दांचे अर्थ सांभाळले जातात. या भागांतील पेशींत काही प्रथिने विकृत होऊन साचतात, पेशी मरतात आणि तो भाग आक्रसतो. १८९२ साली प्राग येथे आर्नोल्ड पिक यांनी वाचा हरवत चाललेल्या ७१ वर्षांच्या अशा एका रोग्याचे वर्णन केले. आज या रोगाला फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात.

कोणाचे वर्तन आधी ढळते. शिस्तीचा माणूस चारचौघांत अचकटविचकट बोलतो, गोडधोड अधाशासारखे खातो, पैसा उधळतो. बायको आजारी पडली तरी त्याला काही वाटत नाही. आपण बदललो आहोत हेच त्याला उमगत नाही. कोणाची भाषा आधी जाते. एकाची वाक्ये अडखळतात. दुसरा अस्खलित बोलतो, पण ‘हातोडा म्हणजे काय?’ असे विचारतो.

आरोपपत्रात या रोगाला ‘उद्धटपणा’ आणि ‘गैरवर्तन’ अशी नावे मिळतात. चौकशीत हा माणूस बचाव करू शकत नाही. त्याला पश्चात्ताप दिसत नाही, म्हणून शिक्षा वाढते. बडतर्फीबरोबर घरची चूलही विझते.

प्रत्येक उद्धट माणूस रोगी नसतो. ते ठरविणे डॉक्टरांचे काम. पण वीस वर्षे चोख काम केलेल्याचा स्वभाव पन्नाशीत पालटला, तर राजीनाम्यावर सही घेण्याआधी त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याचे कलम २० सांगते की, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेने काढू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे. हे कलम खाजगी कारखान्याला लागू नाही. तेथे युनियननेच उभे राहिले पाहिजे.

रोग बरा करणारे औषध आज नाही. घरच्यांनी वाद घालू नये, छोट्या वाक्यांत बोलावे, पैशाचे व्यवहार वेळीच दुसऱ्याच्या हाती द्यावेत. रोग्याची नोकरी, निदान त्याची अब्रू, वाचविणे मात्र आपल्या हाती आहे.