तिळगूळ आणि एळ्ळु-बेल्ल

बेंगळूरच्या पूर्वेस, वर्तूरकडे जाणारा जुना रस्ता ज्या ठिकाणी बाह्य वर्तुळमार्गास छेदतो, त्या परिसरास मारतहळ्ळी म्हणतात. रोमन लिपीतील या नावाची पाटी वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो आणि हे गाव मराठ्यांनीच वसविले असावे, अशी सुखद कल्पना करून घेतो. कन्नड लेखनात मात्र हे नाव ‘मारत’ असे लिहिले जाते, आणि मराठ्यांसाठी कन्नडात रूढ असलेला शब्द ‘मराठ’ हा आहे. या दोहोंतील अंतर रोमन लिपीने पुसून टाकले आहे. ‘मरुत’ या लढाऊ विमानावरून गावाचे नाव पडले, अशी दुसरी लोकवार्ता आहे. ते विमान बेंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार झाले व १९६१ साली प्रथम आकाशात गेले, हे खरे. पण शेते आणि तळी असलेले खेडे आपल्या नावासाठी जेट विमानाची वाट पाहत बसले असेल, हे संभवत नाही. नावाचा मोह सोडला, तरी मराठी वाचकाने या वस्तीकडे लक्ष द्यावे असे एक निराळे कारण उरते. मकर संक्रमण भारतातील निरनिराळ्या भाषिक समाजांत किती रूपांनी पाळले जाते, हे पाहावयास फार हिंडावे लागू नये, अशी ही जागा आहे.

गेल्या काही दशकांत या भागात संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने देशभरातील कुटुंबे येऊन राहिली. पौषात त्यांच्या पाकशाळांत काय चालते ते पाहिले, तरी सणाचा विस्तार ध्यानी येतो. बंगाली घरी खजुराच्या नव्या गुळाची पिठे-पुली, ओडिया घरी कच्च्या तांदळाचा मकर-चाउळ, बिहारी घरी दही-चिवडा आणि तिळकूट, तमिळ घरी दुधासह उतू जाणारा पोंगल; पंजाबी कुटुंबाची लोहडी आदल्या रात्रीच पेटून विझलेली असते. पण या सर्वांत मराठी आणि कन्नड घरांचे साम्य इतके निकटचे आहे की त्याचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलण्याची विनवणी केली जाते. कर्नाटकात ‘एळ्ळु-बेल्ल’ देताना जे म्हणतात त्याचा अर्थ अक्षरशः तोच आहे : तीळ-गूळ खा आणि चांगले बोला. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, ‘बेल्ल’ म्हणजे गूळ. वस्तू तीच, वाक्य तेच. कृती मात्र वेगळी. मराठी गृहिणी तीळ भाजून, कुटून, चिकीच्या गुळाच्या पाकात त्यांचा लाडू वळते. सारे पदार्थ एकजीव होतात. कन्नड एळ्ळु-बेल्लात प्रत्येक पदार्थ आपले रूप राखून असतो. पांढरे तीळ, भाजून सोललेले शेंगदाणे, डाळे, सुक्या खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक तुकडे, असे हे मिश्रण. खोबऱ्याची काळी पाठ खरवडून त्याचे एकसारखे तुकडे करणे व ते उन्हात वाळविणे हे काम सणाच्या कितीतरी दिवस आधी सुरू होते, आणि तुकड्यांच्या नेमकेपणावरून घरच्या स्त्रीची पारख होते. आज बाजारात तयार पुड्या मिळतात. जुन्या जाणत्या स्त्रिया त्या विकत घेतात आणि नावेही ठेवतात.

एळ्ळु-बेल्लासोबत ‘सक्करे अच्चु’ दिले जातात. लाकडी साच्यांत साखरेचा पाक ओतून केलेल्या पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, देवळांच्या या शुभ्र आकृत्या. मराठी वाचकास यावरून पाडव्याच्या गाठी आठवतील. पण संक्रांतीच्या साखरेचे मराठी वैशिष्ट्य आहे ते हलवा. मंद शेगडीवरील परातीत तीळ किंवा खसखस घ्यावयाची, त्यावर पातळ पाक चमच्या-चमच्याने सोडावयाचा आणि बोटांनी सतत फिरवीत राहावयाचे, तेव्हा कोठे काही दिवसांनी दाण्यावर काटा येतो. पाक अंमळ घट्ट झाला की गोळे होतात, आच वाढली की रंग जातो. बोटांची अग्रे पोळलेली नसतील तर हलवा घरचा नव्हे, असे खुशाल समजावे. या हलव्याचे दागिने नववधूस व तान्ह्या बाळास घालतात, आणि ते खुलून दिसावेत म्हणून काळे वस्त्र नेसवितात.

या काळ्या वस्त्राने परप्रांतीय शेजारी बुचकळ्यात पडतो. दक्षिणेतील बहुतेक समाजांत मंगलप्रसंगी काळा रंग वर्ज्य मानला जातो. सणाच्या दिवशी चंद्रकळा नेसून आलेली मराठी सुवासीण पाहून कन्नड किंवा तेलुगु वृद्धेच्या मनात शंका उभी राहिली, तर तिला दोष देता येणार नाही. काळे वस्त्र उष्णता धरून ठेवते, हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. थंडीच या प्रथेचे कारण असती, तर ती कोकणापेक्षा पंजाबात अधिक रुजावयास हवी होती.

याच्या उलट उदाहरण बोरन्हाणाचे. महाराष्ट्रात लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात आणि जमलेली पोरे ती लुटतात. हा आपला खास घरगुती संस्कार, अशी बहुतेक मराठी मातांची समजूत असते. परंतु आंध्र व तेलंगणातील घरांत भोगीच्या दिवशी हाच विधी ‘भोगि पळ्ळु’ म्हणून होतो. कन्नड घरांत ‘एलचि हण्णु’ म्हणजे बोरेच मुलांच्या मस्तकावर ओततात. एकाच इमारतीतील तीन दारांआड तीन भाषांत एकच न्हाण चालते आणि तिन्ही घरांना ते केवळ आपलेच वाटते. दख्खनच्या पठारावर पौषात बोर पिकते, आणि त्या झाडाने भाषेच्या सीमा कधी जुमानल्या नाहीत. विधीचे मूळ शोधावयाचे तर ग्रंथांपेक्षा या काटेरी झाडाखाली शोधणे अधिक फलदायी ठरेल.

या निकटतेमागे इतिहासही आहे. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने बेंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्यांच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींचे जे वर्णन आहे, ते वाचल्यावर बेंगळूरचे बहुभाषिकत्व ही संगणकयुगाची देणगी नव्हे, हे पटते. शहराच्या मल्लेश्वरम् भागातील काडु मल्लेश्वर देवालयाजवळील १६६९ चा शिलालेख एकोजीराजांनी दिलेल्या ग्रामदानाची नोंद करतो. पुढे १६८७ मध्ये हे शहर तीन लक्ष रुपयांना चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. राज्य गेले, माणसे राहिली. नामदेव शिंपी, भावसार क्षत्रिय आणि मराठा समाजांची जुनी घराणी आजही बेंगळुरात आहेत, आणि त्यांच्या घरच्या मराठीत कन्नड इतकी मुरलेली आहे की पुण्याहून नव्याने आलेल्या कुटुंबास ती ऐकताना कान टवकारावे लागतात.

आता या सणाच्या दिवसाविषयी. सूर्य मकर राशीत जातो आणि उत्तरायण लागते, असे आपण एका दमात म्हणतो. वस्तुतः सूर्याचे उत्तरेकडे वळणे २१ किंवा २२ डिसेंबरलाच घडते. या दोन घटना सुमारे सतरा शतकांपूर्वी एकत्र होत्या. आपली पंचांगे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजतात, ऋतू मात्र संपातबिंदूच्या संदर्भाने चालतात, आणि हा बिंदू हळूहळू मागे सरकतो. त्यामुळे दर सुमारे सत्तर वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. याच गणिताने आणखी मागे गेले, तर १७६१ साली संक्रांत ९ किंवा १० जानेवारीच्या सुमारास पडते. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारीला झाला. तेव्हा तो ऐन संक्रांतीच्या दिवशी घडला, ही महाराष्ट्रात दृढमूल झालेली समजूत सोडून द्यावी लागते. आजच्या दिनदर्शिकेतील तारीख मागे नेऊन लावल्याने ती निर्माण झाली असावी. संकट कोसळणे याला ‘संक्रांत येणे’ म्हणणाऱ्या मराठी मनाला हा योग सोडवत नाही, हेही समजण्याजोगे आहे.

बेंगळुरातच गविपुर येथील गवि गंगाधरेश्वराच्या गुहादेवालयात संक्रांतीच्या सायंकाळी मावळत्या सूर्याचा किरण नंदीच्या शिंगांमधून जाऊन शिवलिंगावर पडतो व ते पाहण्यास मोठी गर्दी लोटते. हा किरण वर्षातून एकदाच येतो, असा अनेकांचा समज आहे. १४ जानेवारी हा दक्षिणायनान्तानंतर सुमारे तेविसावा दिवस. त्या दिवसाच्या जितका आधी जावे, तितकाच सूर्य पुन्हा त्याच क्रांतीवर असतो. म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीसही तोच किरण त्याच वाटेने आत येतो. त्या वेळी गर्दी नसते.

‘संक्रांत’ हा शब्द भारताबाहेरही गेला आहे. थायलंडमधील ‘सोङ्क्रान’ हे त्याचेच रूप. मात्र तेथे संक्रमण मेषेचे, म्हणून सण एप्रिलच्या मध्यास येतो. वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतून त्यांचे आशीर्वाद घ्यावयाचे, ही त्यातील मूळ रीत. रस्त्यांवरील जलक्रीडा तिच्याभोवती वाढत गेली. युनेस्कोने २०२३ मध्ये या उत्सवाचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. शब्द नेला नाही, पण कल्पना मात्र तीच, अशीही उदाहरणे आहेत. प्राचीन रोमन लोक १ जानेवारीस परस्परांना खजूर, अंजीर आणि मध देत. वर्षाची चव आरंभाप्रमाणेच गोड राहावी, हा त्यातील हेतू ओव्हिड या कवीने ‘फास्ती’ या काव्यात नमूद केला आहे. ज्यू कुटुंबे आपल्या नववर्षदिनी सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. या सर्वांनी वर्ष गोड मागितले. मराठी आणि कन्नड रीतीने मागितली ती वाणी. वर्ष कोणाच्या हाती नसते, बोलणे असते.

पण हे गोड बोलणे कोणी कोणाशी बोलावयाचे? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू आणि वाण ही देवघेव सुवासिनींपुरती राखलेली आहे. कन्नड रीतही याच वळणाची; नववधूने पहिली पाच वर्षे सुवासिनींना केळी द्यावयाची आणि दरवर्षी त्यांची संख्या पाचाच्या पटीने वाढवीत न्यावयाची, असा तिकडे नेम आहे. ज्या घरातून वर्षभर विरजण मागून आणले, त्या घरातील विधवा सासू या दिवशी आतल्या खोलीत बसून राही, आणि दारी आलेल्या बायकांचे गोड बोलणे तिला भिंतीपलीकडून ऐकू येई. सणाच्या माधुर्याविषयी लिहिणारे या भिंतीविषयी सहसा लिहीत नाहीत. कर्नाटकाच्या सीमेलगत, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आदी विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे परिपत्रकाद्वारे आवाहन केले. ठरावाने कुंकवाचे बोट पुढे होतेच असे नाही. पण नाकारणाऱ्या हाताला आता कारण सांगावे लागते.

मारतहळ्ळीसारख्या वस्तीत ही भिंत एका अनपेक्षित बाजूने खचली आहे. शेजारच्या घरातील स्त्री तमिळ आहे की ओडिया, तिच्या समाजात मंगळसूत्र असते की शंखाच्या बांगड्या, हे नवागत मराठी गृहिणीस ठाऊक नसते. तेव्हा सौभाग्याची चौकशी न करता सरळ डबा पुढे केला जातो. अज्ञानाने येथे असे काही साधले, जे उपदेशाने साधणे कठीण होते. दुसरी भिंत मात्र उभी आहे. मूळ गावातील गोपालक कुटुंबे, जी या दिवशी गुरांची शिंगे रंगवून त्यांना पेटत्या गवतावरून उडी मारावयास लावीत, आणि फाटकाआड राहणारी ही नवी कुटुंबे यांच्यात एळ्ळु-बेल्लाची देवघेव क्वचितच होते. भाषेवरून वाद उद्भवतात ते याच फाटकापाशी. गुरे उडी मारीत ती मोकळी जागाही आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही; तळ्यालगतच्या एखाद्या पडीक तुकड्यावर गवत रचले जाते.

डबा मात्र रिकामा परत पाठवावयाचा नाही, हा नियम दोन्ही भाषांत पाळला जातो. सकाळी तिळाचे लाडू घेऊन गेलेल्या डब्यात संध्याकाळी एळ्ळु-बेल्ल येते, वर उसाचा एक करवा आणि साखरेचा एक पक्षी. लहान मुले प्रथम पक्षाची मान मोडून खातात; खोबऱ्याचे तुकडे तेवढे डब्याच्या तळाशी उरतात.