कामठीच्या विहारात एक रविवार

नागपूरपासून 15-16 किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी कामठी आहे. इंग्रजांनी 1821 मध्ये इथे लष्करी छावणी वसवली. पुढे उत्तरेकडून मोमीन विणकर आले आणि गल्लीगल्लीत माग खडखडू लागले. जोडीला विडीचा धंदा होताच. एका वस्तीत मशीद, तर पलीकडच्या वस्तीत बुद्धविहार, अशी या गावाची रचना आहे. तरीही विहाराचा उंबरा ओलांडलेली माणसे आपल्यात किती सापडतील?

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही चार घरांतल्या बाया आणि सहा मुले असे निघालो. निघण्याआधी घरात प्रश्न आलाच : जिथे मूर्ती आहे तिथे जायचे कशाला? प्रश्न योग्य होता, म्हणून मोहल्ल्यातल्या एका आलिमांना विचारले. ते म्हणाले, पाहुणे म्हणून जा, शेजाऱ्याची विचारपूस करा, त्यांच्या उपासनेत सामील होऊ नका. जे आपल्याशी धर्मावरून लढले नाहीत आणि ज्यांनी आपल्याला घरातून हुसकले नाही, त्यांच्याशी भलेपणाने व न्यायाने वागण्यास अल्लाह मना करत नाही, ही सूरह मुम्तहिनामधली आठवी आयत त्यांनी आठवण करून दिली.

आधी ड्रॅगन पॅलेस पाहिला. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने आणि कामठीच्या अ‍ॅड. सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने ही वास्तू उभी राहिली आणि 1999 मध्ये खुली झाली. प्रशस्त बाग, पांढरीशुभ्र इमारत, आत चंदनाच्या लाकडातली बुद्धमूर्ती. शेजारी विपश्यना केंद्र आहे. 2017 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचे उद्घाटन केले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेली लाखो माणसे पुढे कामठीलाही येतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र फारशी वर्दळ नव्हती. आम्ही दाराशी घुटमळत होतो, तर एक कार्यकर्ती ताई पुढे आली. वाकावे लागेल का, हे आमच्यातल्या एकीने सरळच विचारले. "काहीच करायचं नाही ताई. चपला बाहेर काढा, मागे भिंतीशी बसा, फक्त बोलू नका," असे तिने सांगितले. आमची सहा मुले एवढा वेळ गप्प बसतील, असे आम्हालाही वाटले नव्हते.

खरी ओळख झाली ती नंतर, वस्तीतल्या एका छोट्या विहारात. त्याच ताईने आम्हाला तिकडे नेले. ते पर्यटकांचे ठिकाण नाही : एक दिवाणखाना, एक अभ्यासिका, मागे स्वयंपाकाची भांडी ठेवायची खोली. रविवारी सकाळी वंदना होते, मग लहान मुलांचा वर्ग. बुद्ध पौर्णिमेला खीर शिजते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. रमजानमधल्या तरावीहची आठवण आम्हाला झाली. दोन्हीकडे ग्रंथ कानांनी ऐकायचा असतो.

अभ्यासिकेत पाऊल ठेवले आणि आम्ही थोड्या खजील झालो. दहा-बारा टेबले, ट्यूबलाइट, पंखा, स्पर्धा परीक्षांची पुस्तके. ज्या मुलांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, ती रात्री उशिरापर्यंत इथे बसतात. किल्ली मुलांकडेच असते. आपल्या किती मशिदी दोन नमाजांच्या मधल्या वेळेत कुलूपबंद असतात, हे आम्ही मोजायला लागलो आणि मध्येच मोजणे सोडून दिले. जुहरची वेळ झाली तेव्हा आम्हाला ही अभ्यासिकाच नमाजसाठी मिळाली. पश्चिमेकडची भिंत कोरी होती. दोन पोरांनी टेबले बाजूला सारली आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

दुपारी एक आजी येऊन बसल्या. उभे आयुष्य विड्या वळण्यात गेलेले. त्यांच्या तरुणपणी एकाच पडवीत त्या आणि शेजारची मोमीन बाई सूप मांडीवर घेऊन बसत. तेंदूपत्ता ओला करायचा, कात्रीने कापायचा, जर्दा भरायचा, धाग्याने बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर मिळे, आणि एकीला ताप आला तर दुसरी तिचा हजार पुरा करून देई. "धुरानं दोघींची छाती सारखीच दुखायची," असे म्हणून आजी हसल्या.

विडी कामगारांची संघटना बांधणारे बाबू हरदास याच कामठीचे. 1904 ते 1939, जेमतेम 35 वर्षांचे आयुष्य. 1937 मध्ये ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले आणि दोनच वर्षांत क्षयाने वारले. 'जय भीम' हे अभिवादन त्यांनी रूढ केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यामागची हकिकत मात्र आपल्या घरांत सहसा पोहोचलेली नाही. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात ती नोंदलेली आहे : मुसलमान एकमेकांना सलाम करतात त्याचा अर्थ काय, हे हरदासांनी एका मौलवींना विचारले. 'अस्सलामु अलैकुम' आणि 'व अलैकुमुस्सलाम' यांचा अर्थ ऐकल्यावर आपल्या माणसांनाही असे एक अभिवादन हवे, असे त्यांना वाटले. आधी 'जय भीम'ला 'बल भीम' असे उत्तर ठरले होते. पुढे दोन्हीकडून 'जय भीम'च राहिले. विहारातल्या एका शिक्षकांनी हे सांगितले तेव्हा आमच्या मुलांनी त्यांना लगेच सलाम ठोकला, आणि त्यांनीही कानाला हात लावून दाद दिली.

सगळे गोडच होते असे नाही. बोलता बोलता दोन्हीकडची दुखणी निघाली. गांजाने आणि दारूने दोन्ही वस्त्यांतली पोरे वाया जात आहेत. पंचशीलातले पाचवे शील नशेविरुद्ध आहे, आपल्याकडे तर नशा सरळ हराम. तरी गल्लीच्या टोकावर काय विकले जाते ते सगळ्यांना माहीत आहे. तक्रार द्यायची तर दोन्ही वस्त्यांतल्या आयांनी एकत्र सह्या करून द्यावी, असे त्या आजींनीच सुचवले. कागद तिथेच लिहायला घेतला. त्यावर आमच्या बाजूच्या सह्या अजून कमी आहेत. काही घरांत सासरचे "भानगडीत पडू नका" म्हणतात.

निघताना तिथल्या बायकांनी विचारले, "तुमची मशीद आम्हाला आतून पाहता येईल का?" मस्जिद परिचयाचे कार्यक्रम आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात, तेव्हा अडचण परक्यांना आत घेण्याची नव्हती. आमच्या मशिदीत बायकांना बसायला जागाच नाही; आम्हीसुद्धा ती आतून नीट पाहिलेली नाही. विश्वस्तांना अर्ज दिला आहे. जुम्याखेरीज कोणताही दिवस आणि दोन तास, एवढेच मागितले आहे. उत्तर आषाढी पौर्णिमेच्या आत हवे, कारण नंतर तीन महिने त्या बायकांच्या संध्याकाळी वाचनात जातात.