हाडांनी सोडून दिलेला कॅल्शियम

येवल्या-सिन्नरकडच्या कितीतरी विहिरींचं पाणी जड. साबण घासघास घासला तरी फेस धरत नाही, बादलीच्या कडेला पांढरट साका मात्र बसतो. काळ्या कातळातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम उतरलेला असतो. तो साबणातल्या मेदाम्लांना धरतो आणि त्यांचा न विरघळणारा साका करून टाकतो. हीच रासायनिक क्रिया आपल्या मोठ्या आतड्यातही चालते, आणि बहुधा तिथल्या कर्करोगाला आळा घालायला हातभार लावते!

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. पण खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण तिसरा हिस्साच रक्तात शिरतो. उरलेला पुढे सरकतो. वाया गेला म्हणावं, तर खरं काम तिथेच सुरू होतं.

तेल-तूप पचवायला यकृत पित्ताम्लं सोडतं. त्यांतली बहुतेक शरीर परत ओढून घेतं. थोडी निसटून मोठ्या आतड्यात येतात आणि तिथले जीवाणू त्यांना आणखी जहाल रूप देतात. त्यांनी आतड्याचं अस्तर दुखावतं. हे अस्तर एरवीही चार-पाच दिवसांत नवं होत असतं. त्यात ही झीज भरायला पेशी अधिकच घाईने विभागतात, आणि घाईत जनुकांची नक्कल चुकायला वाव मिळतो. कॅल्शियम या पित्ताम्लांना आणि मेदाम्लांना बांधून निरुपद्रवी करतो, ही कल्पना न्यूमार्क, वॉर्गोविच आणि ब्रूस यांनी १९८४ साली मांडली. पुढे कळलं की आतड्याच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारी प्रथिनंही आहेत. तो भेटला की पेशी विभागणं आवरून प्रौढ होतात.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ५,४२,७७८ ब्रिटिश स्त्रियांच्या आहाराची आणि आजारांची माहिती सरासरी १६.६ वर्षं तपासली. २०२५ साली निष्कर्ष आला: रोज ३०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियम, म्हणजे मोठा पेलाभर दूध, घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी कमी.

हा आकडा वाचताना मला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरउतारांवरची नागली आठवते. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच गव्हाच्या पिठात जेमतेम ३०. तो अभ्यास नागलीचा नव्हता, आणि तिच्यातलं फायटेट कॅल्शियमला अडवून धरतं. मोड आणले की ते घटतं. तरीही खडकाळ वरकस जमिनीत उगवणारं धान्य इतका कॅल्शियम साठवतं, याचं मला फार अप्रूप आहे.

कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. १९९९च्या चाचणीत ज्यांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरावरचे कोंब (पॉलिप) आधी काढले होते, त्यांच्यापैकी कॅल्शियम घेणाऱ्या ३१ टक्के लोकांना ते पुन्हा आले, न घेणाऱ्या ३८ टक्क्यांना. २०१५च्या चाचणीत हा फरक दिसलाच नाही. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६ हजारांवर अमेरिकन स्त्रियांच्या चाचणीत सात वर्षांनी गोळ्या घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण सारखंच होतं. म्हणून मनाने गोळ्या सुरू करू नयेत, आणि शौचातून रक्त गेलं तर दुधा-नागलीवर विसंबू नये, डॉक्टर गाठावा.

मला मात्र त्या सात वर्षांविषयी शंका वाटते. आतड्यातल्या छोट्या कोंबाचा कर्करोग व्हायला बहुतेकदा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. चाचणी संपली तेव्हा, जे कोंब कॅल्शियमने रोखायचे होते, त्यांतले बरेचसे अजून कर्करोगाच्या टप्प्याला पोचलेच नसतील.