बियाणं विकायला बंदी, पाव विकायला मुभा

फ्रेंच पाव म्हटला की डोळ्यांपुढे पॅरिस येतं आणि काखेत लांबुडका बॅगेट मारून चाललेली माणसं. नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोने बॅगेटच्या कसबाला वारसा यादीत घेतलं, त्याचा गाजावाजाही झाला. स्वतःचा गहू पिकवून, दळून, भाजून विकणारी शेतकरी कुटुंबंही त्या देशात आहेत. त्यांना ‘पेइझां-बुलांजे’ म्हणतात. पर्यटक तिकडे फारसे वळत नाहीत.

ब्रिटनीत रेन शहराबाहेरच्या अशा एका शेतावर पोचलो, तो भट्टीचा दिवस होता. सारा कारभार नवरा-बायको आणि मुलगा मिळून पाहतात. जुन्या दगडी गोठ्यात एकीकडे विजेवर चालणारं ग्रॅनाइटचं जातं, दुसरीकडे लाकडावरची भट्टी. जाळ खाली असतो आणि ‘ग्युलार’ नावाचं बिडाचं तोंड तो वर घुमटात फेकतं. विटा सगळीकडून सारख्या तापाव्यात म्हणून मुलगा ते तोंड जरा जरा फिरवत होता. मग त्याने ते काढून भोक झाकलं, तळ ओल्या फडक्याने पुसला आणि चिमूटभर पीठ आत भिरकावलं. ते क्षणात काळं पडलं. अजून थांबायला हवं होतं. काही वेळाने दुसरी चिमूट नुसती तांबूस झाली, तसे किलो-किलोचे गोळे लांब दांड्याच्या फळीवरून आत सरकू लागले.

मागच्या शेतात गहू छातीएवढा उभा. काही लोंब्यांना कुसळं, काहींना नाहीत, मध्येच एखादी तांबडी. आपल्याकडचा कृषी अधिकारी याला सरळ भेसळ म्हणेल. फ्रेंच कायद्याचंही काहीसं तसंच मत होतं. बियाण्यांची सरकारी यादी तिथे 1932 मध्ये सुरू झाली आणि 1949 पासून यादीबाहेरच्या वाणाचं बियाणं विकायला बंदी आली. यादीत जायचं तर वाण इतरांहून वेगळं, आतून एकसारखं आणि पिढ्यानपिढ्या स्थिर हवं. उंच वाढणारे, कमी उताऱ्याचे जुने गहू असे मागे पडले. कित्येकांचे दाणे क्लेर्मों-फेरांच्या जनुकपेढीत तेवढे उरले. काही हट्टी शेतकऱ्यांनी तिथून मूठ-मूठ दाणे आणून वर्षानुवर्षं वाढवले. 2003 मध्ये अशांचं ‘रेझो समांस पेइझान’ हे जाळं उभं राहिलं.

बियाणं विकता येईना, पण त्याच गव्हाचा पाव विकायला कुणाची आडकाठी नव्हती. माझ्या मते हे वाण जगवले ते पावाच्या गल्ल्याने, वारसाप्रेम त्यानंतर. 2022 पासून युरोपीय नियमांनी सेंद्रिय शेतीपुरती मिश्र बियाण्याला विक्रीची वाट मोकळी केली आहे. आपल्याकडे 2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याला ब्रँडचं लेबल न लावता स्वतःचं बियाणं विकू देतं. हा हक्क आपल्या किती शेतकऱ्यांना ठाऊक असेल?

आता हिशेब. आधुनिक गहू तिथे हेक्टरी 70 क्विंटलच्या आसपास उतरतो, जुना 20-25 वर थांबतो. 20 क्विंटल धान्य टनाला 200 युरोने विकलं तर हाती 400 युरो. सेंद्रिय म्हणून दुप्पट भाव धरला तरी 800. तेच दळलं की सुमारे 16 क्विंटल पीठ, पाणी धरून साधारण 20 क्विंटल पाव. किलोला 5 युरो धरले तरी 10,000 युरो. लाकूड, वीज, मजुरी यातूनच जाते, पण थोड्या जमिनीवर कुटुंब कसं तगतं ते इथे कळतं.

जुन्या गव्हाच्या कणकेला ताण कमी. यंत्रात जोराने मळली तर तुटते. म्हणून लाकडी काथवटीत हाताने थोडकीच मळायची आणि पुढचं काम ‘लव्हँ’वर सोपवायचं. लव्हँ म्हणजे पावाचं विरजण, मागच्या खेपेची राखून ठेवलेली आंबट कणीक. फ्रेंच संशोधकांनी शेतकरी आणि कारागीर पाववाल्यांची लव्हँ तपासली, तेव्हा दोघांकडच्या यीस्टच्या जातीही वेगळ्या निघाल्या: शेतकऱ्यांकडे काझाकस्तानिया बुल्डेरी, कारागिरांकडे काझाकस्तानिया ह्युमिलिस.

हा पाव जड, जाड पापुद्र्याचा, किंचित आंबूस; आठवडाभर सहज टिकतो. तो स्वस्त नाही आणि अख्ख्या फ्रान्सला पुरणारही नाही. शेतकरी, गिरणीवाला आणि भटारी असे तीन धंदे एकाच घराने ओढायचे, हे कष्टही कमी नाहीत. तिकडे जाणार असाल तर आधी चौकशी करा. अशा बहुतेक शेतांवर भट्टी आठवड्यातून एक-दोनदाच पेटते, आणि बराचसा पाव आधीच सांगून ठेवलेला असतो.