स्टार्टरच्या पॉइंटातली चांदी

पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. कांदा, बटाटा, गूळ, भुसार असा माल गावोगावहून तिथे येतो. माल विकला की आडतदार हिशेबपट्टी देतो. तिच्यावर वजन असते, भाव असतो. आपण ती नीट वाचून बघतो. पण घरचे भंगार विकताना? तेव्हा आपण वजन बघत नाही, की माल कसला आहे तेही बघत नाही. म्हणून आज आपण भंगारातल्या चांदीची माहिती घेऊ.

विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर सर्वांना ठाऊक आहे. तो बिघडला की वायरमन म्हणतो, “पॉइंट जळाले.” पॉइंट म्हणजे तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीवर बसवलेल्या लहान टिकल्या. या टिकल्यांत पुष्कळदा चांदी असते.

इथे चांदी कशाला? सगळ्या धातूंत चांदीतून वीज सर्वांत सहज वाहते. टिकल्या एकमेकींपासून सुटताना ठिणगी उडते. त्या उष्णतेने तांबे काळे पडते आणि वीज अडते. चांदीचे तसे होत नाही. पण नुसती चांदी मऊ. ठिणगीने टिकल्या एकमेकींना चिकटून बसतील. म्हणून तीत दुसरे द्रव्य मिसळतात. जुन्या टिकल्यांत बहुधा कॅडमियम ऑक्साइड असते, १०० भागांत १० ते १५ भाग.

सोनाराच्या दुकानातला केर धुऊन झारेकरी सोने काढतो. टिकलीतली चांदी मात्र आम्लाने काढतात. टिकली नायट्रिक आम्लात विरघळते. त्यात तांब्याची पट्टी ठेवली की तांबे विरघळू लागते, पाणी निळे होते आणि चांदीचा करडा चुरा खाली बसतो. तो धुऊन, टाकणखार घालून आटवतात. चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते.

ऐकायला सोपे वाटते. काही हौशी माणसे हे घरी करतात. आम्ही सांगतो, तसे करू नका. आम्लातून तपकिरी वाफ निघते. ती छातीत गेली तर लगेच फारसे कळत नाही. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते. माणूस दगावतोसुद्धा. टिकली तापवली तर कॅडमियमचा विषारी धूर होतो. उरलेले पाणी ओतले तर जमीन आणि विहीर नासते. चिमूटभर चांदीसाठी जीव का घालवावा?

मग हौस कशी करावी? पॉइंट वायरमनकडूनच बदलून घ्या. जुने पॉइंट मागून घ्या. ते घासू नका, ठोकू नका, तापवू नका. झाकणाच्या डबीत, मुलांपासून दूर ठेवा. डबीवर नाव लिहा. लोहचुंबकाला चिकटत नाही म्हणजे चांदीच, असे समजू नका. तांबे, पितळही चिकटत नाही.

हिशेब असा करा. नुसत्या टिकल्या ५० ग्रॅम आहेत आणि शेकडा ८५ भाग चांदी आहे. म्हणजे चांदी झाली साडेबेचाळीस ग्रॅम. पट्टीसकट वजन केले तर हा हिशेब लागू नाही.

भंगार निवडणे हे जाणत्याचे काम आहे. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. त्यांना धातूची पारख असते. आपणही शिकू. पॉइंट लोखंडात मिसळून देऊ नका. धातू ओळखणाऱ्या, नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यालाच द्या. वजन आणि भाव कागदावर लिहून मागा. आणि मंडळी, तो कागद स्वतः वाचा!