मानेची झीज : भय कशाचे आणि सावधगिरी कोठे

दिल्ली आणि तिच्या परिसरात ‘मला सर्व्हायकल आहे’ असे सांगणारे पदोपदी भेटतात. वास्तविक ‘सर्व्हायकल’ या शब्दाचा अर्थ ‘मानेचा’ एवढाच. विकाराचे पूर्ण नाव सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयोमानानुसार होणारी मानेच्या मणक्यांची झीज. बोलण्यात नावाचा उत्तरार्ध गळाला आणि विशेषणच आजार होऊन बसले. परिणामी मानदुखी, डोकेदुखी, चक्कर अशा नाना तक्रारी या एकाच नावावर जमा होतात आणि खरोखर धोक्याच्या लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष होते.

झीज कशी होते?

मानेत सात मणके असतात. साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोलून धरणे आणि त्याला सर्व दिशांना वळू देणे हे त्यांचे कार्य. वरचे दोन मणके वगळता इतरांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. वयानुसार तिच्यातील पाण्याचा अंश घटतो, ती चपटी होते, मणके जवळ येतात आणि त्यांच्या कडांवर हाडाची टोके वाढू लागतात. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये असे बदल दिसतात. तरीही त्यांपैकी अनेकांना कोणताही त्रास नसतो. केस पिकावेत, तसेच हे. केवळ एक्स-रे पाहून भयभीत होण्याचे कारण नाही.

धोका कोठे आहे?

वाढलेले हाड किंवा सरकलेली चकती हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाबली, तर कळ खांद्यातून हातात उतरते व बोटांना मुंग्या येतात. हा त्रास बहुधा औषधे व व्यायाम यांनी काही आठवड्यांत कमी होतो. दाब खुद्द मज्जारज्जूवर आला, तर मात्र फारशी वेदना नसतानाही हानी होत राहते. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळणे, धनादेशावरील सही नमुन्याशी जुळेनाशी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे ही तिची चिन्हे होत. ‘आता वय झाले’ म्हणून ती सोडून देऊ नयेत. झालेली हानी शस्त्रक्रियेनेही पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणून एमआरआय तपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला यांस विलंब नको. दिल्लीत एम्स, तसेच वसंत कुंज येथील इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर येथे अशा रुग्णांवर उपचार होतात.

दैनंदिन काळजी

• संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर असावा. मेट्रोच्या प्रवासात मान खाली घालून मोबाईल पाहत राहू नये.
• एकावर एक दोन उशा घेऊ नयेत.
• दिल्लीच्या थंडीत स्नायू आखडल्यास कोमट शेक घ्यावा.
• गळपट्टा डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस वापरावा. दीर्घकाळ वापरल्यास स्नायू दुबळे होतात.
• केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेणे टाळावे. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊ शकते.
• चक्कर येत असल्यास मानेला दोष देण्यापूर्वी रक्तदाब व कान तपासून घ्यावेत.

झीज थांबविणे कोणाच्याही हाती नाही. परंतु हातांची व पावलांची बदललेली चाल वेळीच ओळखणे निश्चितच आपल्या हाती आहे. घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत ही नजर कुटुंबीयांनीही ठेवावी.